झोपेचा तक्ता: एका एआरटी केंद्रातल्या (एचआयव्हीच्या गोळ्या देणाऱ्या) प्रकल्प नोंदी

4 नोव्हेंबर 2024, सोमवार

काल भाऊबीज झाली आणि आज ओपीडीला पाय ठेवायला जागा नाही. दिवाळीत माहेरी गेलेल्या, गोळ्या संपलेल्या, सगळ्या एकदम. तरी सरांनी (आमचे डॉक्टर) दुपारी तीनला आम्हाला बसवलंच: मी (समुपदेशक), सिस्टर, फार्मासिस्ट आणि आमची केअर कोऑर्डिनेटर. ती स्वतः एचआयव्हीसह जगते आणि आमच्यापेक्षा दहापट जास्त ऐकते.

विषय तिचाच. ती म्हणाली, "मॅडम, तुम्ही पंधरा वर्षं विचारताय गोळी चुकली का. झोप लागते का, असं कधी विचारलं?" मी 2009 पासून इथे आहे. खरंच नाही विचारलं. कुणी आपण होऊन सांगितलं तर "टेन्शन घेऊ नका" म्हणून पुढचं कार्ड उचललं.

जगभरातल्या पाहण्यांत एचआयव्ही असलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त लोक झोपेची तक्रार सांगतात. आमच्याकडे सोलापूर जिल्ह्याच्या तालुक्यांतून येणारे शेतकरी, विडी वळणाऱ्या बायका, पॉवरलूमवर रात्रपाळी करणारे. इथे हा आकडा कमी असेल असं मानायला काही कारण नाही.

ठरलं ते असं. झोपेच्या गोळ्या वाटायच्या नाहीत. जुनाट निद्रानाशाला पहिला उपाय वागणुकीतल्या बदलाचा असावा, असं अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने 2016 मध्येच सांगितलंय. पण त्याचं पूर्ण रूप सहा-आठ बैठकांचं, ते घेणारा मानसतज्ज्ञ पाहिजे, आणि तो आमच्याकडे नाही. म्हणून पिट्सबर्गच्या डॉक्टरांनी 2011 मध्ये मांडलेली आटोपशीर पद्धत घेतोय: चार आठवडे, दोन भेटी, दोन फोन. त्यांचे पेशंट वयस्कर होते आणि शिकवणारी नर्स होती. नर्सला जमलं तर आम्हालाही जमेल, हे सिस्टरांचं म्हणणं.

नियम चारच. उठायची वेळ रोज एक. झोप आल्याशिवाय आडवं व्हायचं नाही. जाग आली तर लोळत पडायचं नाही, उठायचं. आणि अंथरुणातले एकूण तास कमी करायचे.

बारा जण घ्यायचे. हा अभ्यास नाही, आमच्याच कामाची डागडुजी आहे. त्यामुळे निष्कर्ष वगैरे मोठे शब्द कुणी वापरायचे नाहीत (हे सरांचं).

7 नोव्हेंबर, गुरुवार

या वहीत नावं येणार नाहीत, एआरटी नंबरही नाहीत. 2017 च्या कायद्याने गुप्तता बंधनकारक आहेच. पण कायदा नसता तरी वही टेबलावर राहते आणि टेबलाशी कोणीही येतं. म्हणून धान्यांची नावं दिली: ज्वारी, बाजरी, नाचणी, राजगिरा, मटकी, तूर, मूग, उडीद, चवळी, वाटाणा, हुलगा, करडई. हुलग्याच्या काकांना त्यांचं नाव कळलं तेव्हा म्हणाले, "हुलगं घोड्याला घालत्यात." नाव बदलून देते म्हटलं, तर नको म्हणाले.

निद्रानाशाची सात प्रश्नांची मोजपट्टी मराठीत वाचून दाखवतो. प्रत्येक प्रश्नाला 0 ते 4 गुण, एकूण 28. पंधराच्या वर गेलं की त्रास खरा. बाराही जण पंधराच्या वर आहेत. सर्वांत जास्त नाचणी, 21.

त्याबरोबर उदासपणाचे प्रश्न, घोरण्याचे प्रश्न, फिट येते का, डोक्याचं दुसरं औषध चालू आहे का. अंथरुणातले तास कमी करायचा नियम फिटवाल्याला आणि गाडी चालवणाऱ्याला सरसकट लावता येत नाही. उडीद घोरतो आणि बायको सांगते श्वास मधेच थांबतो. त्याला नियम शिकवण्यात अर्थ नाही, छाती-घशाच्या डॉक्टरांकडे चिठ्ठी दिली. उरले अकरा.

12 नोव्हेंबर, मंगळवार

आजची नोंद लांब होणार.

अकरांपैकी नऊ जण गोळी रात्री नऊला घेतात. का, विचारलं तर सगळ्यांचं उत्तर एक: "तुम्हीच सांगितलंय."

बरोबर आहे, मीच सांगितलंय. तेव्हाची गोळी वेगळी होती. टेनोफोविर, लॅमिव्हुडीन आणि एफाविरेन्झ. एफाविरेन्झने चक्कर यायची, चित्रविचित्र स्वप्नं पडायची. म्हणून रिकाम्या पोटी, झोपताना घ्या, म्हणजे चक्कर झोपेत निघून जाते, हे आम्ही इतकं घोकून घेतलं होतं की बायका पाळण्यातल्या लेकराला थोपटत गोळी गिळायच्या. पुढे एफाविरेन्झ जाऊन डोल्युटेग्राविर आलं, गोळी टीएलडी झाली. ही गोळी दिवसात कधीही चालते, जेवणाआधी चालते, नंतर चालते. आणि काहींची झोप तीच उडवते. अशांनी ती सकाळी घ्यावी, हा साधा उपाय.

गोळी बदलली, वेळ तशीच राहिली. आम्ही नवी बाटली दिली, कार्डावर नवं नाव लिहिलं, आणि "नऊला बरं का" हे जुनंच वाक्य म्हटलं. फार्मासिस्टने त्याचा अंदाज सांगितला, आमच्या रांगेत दहातले आठ जण अजून रात्रीच घेत असतील. मी मान खाली घातली.

सरांनी एकेकाला बोलावून ठरवलं. पाच जणांची गोळी सकाळी नेली. बाकीच्यांची नाही, आणि न नेण्याची कारणं औषधाच्या पुस्तकात सापडणार नाहीत. करडईची सून सकाळी स्वयंपाकघरात असते, रात्री नऊला मालिका बघते. नऊची वेळ म्हणजे सुनेच्या मालिकेची वेळ, तेव्हा गोळीकडे कुणी बघत नाही. वाटाण्याचं तसंच, खोलीत भाचा झोपतो, त्याच्या नजरेआड घ्यावी लागते. राजगिऱ्याला टीबी आहे, रिफॅम्पिसिन चालू आहे. त्याच्याबरोबर डोल्युटेग्राविर दिवसातून दोनदा, बारा तासांच्या अंतराने द्यावं लागतं, म्हणजे संध्याकाळची गोळी टळत नाही. टीबीचा कोर्स संपेपर्यंत तिला तसंच काढायचंय.

नाचणीने आज बाटली दाखवली. आत गोळ्यांवर कापूस ठासून भरलेला. मला वाटलं दमट हवेसाठी. "खुळखुळ वाजती ना मॅडम. रात्री घरात सामसूम असती, सासूबाईला आवाज जातो." तिचीही गोळी आता सकाळी सातला, सासू देवळात गेल्यावर. पण कापूस राहू दे म्हणाली.

20 नोव्हेंबर, बुधवार

मतदान. केंद्र बंद. शाई लावून आले आणि दुपारी अडीच तास झोपले. पेशंटना दिलाय तसा झोपेचा तक्ता मीही भरते, त्यात लिहिलंय.

25 नोव्हेंबर, सोमवार

तक्ते कोरे आले.

चांगले छापले होते. एका बाजूला चंद्र, एका बाजूला सूर्य, मध्ये तासांचे चौकोन, झोपलात तेवढे काळे करायचे. अक्षर येत नसलं तरी चालावं, म्हणून चित्रांचे. केंद्राचं नाव नाही, आजाराचं नाव नाही. अकरांपैकी दोघांनी भरले. बाकीच्यांनी कुणी पिशवीच्या तळाशी ठेवला, कुणी फाडला. मटकी म्हणाली, "घरात कागद आला की सगळे विचारतात कसला आहे." ज्या घरात केंद्राचं हिरवं पुस्तक (पेशंटकडची उपचाराची वही) गव्हाच्या कोठीत ठेवतात, तिथे आम्ही दुसरा कागद लपवायला दिला.

उपाय कोऑर्डिनेटरने काढला. भिंतीवर कालनिर्णय असतंच. त्यावर दुधाचे आकडे, गॅस कधी आला, गाय कधी लागली, सगळं असतं. त्या चौकोनात आणखी दोन आकडे कोण विचारतो? डाव्या कोपऱ्यात पाठ टेकली ती वेळ, उजव्या कोपऱ्यात उठल्याची वेळ, आणि मधे जितक्यांदा जाग आली तितक्या काड्या. सासूने विचारलं तर दुधाचा हिशेब.

ही युक्ती माझी नाही, म्हणून जरा जास्तच मोकळेपणाने म्हणते की भारी आहे.

1 डिसेंबर, रविवार

जागतिक एड्स दिन. फेरी, टोप्या, लाल फीत, नाश्ता. सकाळी पाचला उठले त्यामुळे झोपेचं बोलायला मला आज तोंड नाही.

6 डिसेंबर, शुक्रवार

पहिली भेट नऊ जणांची झाली. ज्वारी आलीच नाही. ती टोळीबरोबर ऊसतोडीला गेली, सरांनी तीन महिन्यांच्या गोळ्या देऊन पाठवली होती. कोयता पहाटे तीनला सुरू होतो, तिला मी काय उठायची वेळ सांगणार? बाजरीने फोन उचलणं बंद केलंय.

नियम सांगताना अडकले ते इथे. पुस्तकात लिहिलंय, जाग आली तर बेडवरून उठून दुसऱ्या खोलीत जा. दुसरी खोली! मटकीच्या घरात दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसं. ती उठली तर नवऱ्याच्या पायावरून, मुलाच्या डोक्याजवळून, कडी काढून बाहेर. बाहेर कुत्री.

पण एक गोष्ट आपल्याकडे पुस्तकापेक्षा बरी आहे. बेड नाही. वाकळ आहे, आणि ती रोज घातली जाते, रोज गुंडाळली जाते. अंथरुणाचा झोपेशीच संबंध राहावा, त्यात जागेपणी पडू नये, हा विचार रिचर्ड बूटझिन यांनी 1972 मध्ये मांडला. त्यासाठी लोकांना पलंगापासून दूर राहायला शिकवावं लागलं. आमच्या बायकांना एवढंच सांगितलं: डोळे मिटायला लागल्याशिवाय वाकळ टाकायची नाही. जाग आली आणि पुन्हा लागेना, तर वाकळ अर्धी दुमडून भिंतीला टेकून बसायचं. उठून कुठे जायला नको. झोप आली की उलगडायची.

तास कमी करायचा नियम समजावताना तोंडातून निघून गेलं, "अंथरूण पाहून पाय पसरावे." मटकी लगेच म्हणाली, "म्हणजे झोप पाहून अंथरूण टाकायचं." तिचं वाक्य आता सगळ्यांना सांगते.

चहा-तंबाखूचंही बोलणं झालं. चहावर कुणी वाद घालत नाही, संध्याकाळी पाचनंतर नको म्हटलं की मान डोलावतात आणि पितात. वाद मिसरीवर. रात्री जेवल्यावर मिसरी लावल्याशिवाय झोप येत नाही, असं तिघींचं ठाम मत. तंबाखूतलं निकोटिन झोप उडवणारं आहे. मिसरीने जी शांतता वाटते ती तलफ भागल्याची. सोडा म्हटलं असतं तर पुढच्या वेळी आल्या नसत्या, म्हणून "शेवटची मिसरी दिवेलागणीला" एवढंच मागितलं. दोघी हो म्हणाल्या. तिसरी हसली.

17 डिसेंबर, मंगळवार

हुलग्याचे काका. चार एकर, त्यातली दोन ज्वारी, बाकी हरभरा. शेतीची लाईट आठ तास, कधी दिवसाची पाळी, कधी रात्रीची. रात्रीची असली की दहानंतर मोटर चालू करून दारं धरायची. थंडी, चिखल, साप-विंचू. त्यांना मी "रोज एकाच वेळी उठा" म्हणाले. काका माझ्याकडे बघत राहिले. मग शांतपणे: "मग ज्वारीला पाणी तुम्ही द्या."

घरी येऊन वाचलं. पाळीत काम करणाऱ्यांसाठी एक जुनी कल्पना आहे. सगळी झोप एका वेळी बांधता येत नसेल तर निदान चार तास दररोज त्याच वेळेचे ठेवायचे, बाकीची झोप जमेल तशी मागे-पुढे. काकांना सांगताना म्हटलं, दावं लांब असलं तरी खुंटा एकाच जागी. त्यांचा खुंटा पहाटे चार ते आठ. पाणी असेल त्या दिवशी चारच्या आत मोटर बंद करून शेतातल्या खोपीत, नसेल त्या दिवशी घरी. रात्रीची पाळी असेल तर दुपारी दीड तास.

"चारला मोटर बंद केली तर शेवटचे दोन वाफे राहत्यात," काका म्हणाले. मग स्वतःच म्हणाले, राहू देत, सकाळी पोरगा बघेल.

26 डिसेंबर, गुरुवार

मटकीचा हिशेब लिहून ठेवते. सिस्टरांना शिकवायला उपयोगी पडेल.

कालनिर्णयाप्रमाणे ती साडेआठला आडवी होते (लेकरं झोपतात म्हणून) आणि साडेपाचला उठते. अंथरुणात 9 तास. त्यातली खरी झोप सरासरी 5. म्हणजे शंभरातले 56. हा आकडा 85 च्या वर हवा. आर्थर स्पीलमन यांनी 1987 मध्ये सांगितलेला उलटा उपाय: जास्त झोप हवी असेल तर आधी अंथरुणातला वेळ कापा. तिला दिले साडेपाच तास, रात्री साडेअकरा ते पहाटे पाच. याच्या खाली आम्ही कुणालाच नेत नाही.

पहिले तीन दिवस वाईट गेले. चौथ्या दिवशी फोनवर जवळजवळ भांडली. "आधी पाच तास तरी झोपत होते." धीर धरा म्हणण्यापलीकडे माझ्याकडे काही नव्हतं. आठव्या दिवशी आकडे आले: साडेपाच तासांत 4 तास 50 मिनिटं झोप. 88. पंधरा मिनिटं वाढवून दिली. ती म्हणाली, "पगारवाढ का?"

14 जानेवारी 2025, मंगळवार

संक्रांत. शहरात गड्ड्याच्या यात्रेची गर्दी, ओपीडीत सतरा माणसं. तिळगूळ वाटले.

21 जानेवारी, मंगळवार

आज चूक झाली, आणि ती माझीच.

मूगचा दुसरा फोन करायचा होता. माझ्या मोबाइलची बॅटरी संपली म्हणून टेबलावरच्या फोनवरून लावला. उचलला पुतण्याने. मी काही बोलले नाही, "ताईंना द्या" एवढंच. पण त्याच्या फोनमध्ये नंबरचं नाव दाखवणारं ॲप होतं, आणि कुणीतरी आमचा नंबर त्यात "एआरटी सेंटर" म्हणून भरून ठेवलाय. पुतण्या बारावी सायन्सचा आहे. त्याने एआरटी म्हणजे काय ते शोधलं.

ताई दुपारी आली. रडली नाही. टेबलावर हिरवं पुस्तक ठेवलं आणि म्हणाली, दुसऱ्या जिल्ह्याच्या केंद्राला बदली करून द्या. सर बोलले, मी बोलले, कोऑर्डिनेटर तिच्याबरोबर स्टँडपर्यंत गेली. बदलीचा कागद दिला. पुतण्याला घेऊन यायची असेल तर कोऑर्डिनेटर त्याच्याशी बोलेल, हेही सांगितलं. ती विचार करते म्हणाली.

झोप सुधारायला निघालो आणि तिची होती ती घालवली. यापुढे फोन फक्त एका वेगळ्या सिमवरून, जे असल्या ॲपमध्ये कुठल्याच नावाने भरलेलं नाही. पेशंटने मिस्ड कॉल द्यायचा, आम्ही परत करायचा, पहिलं वाक्य पेशंटचं. नियम लिहून भिंतीवर लावला. नोव्हेंबरात लावायला हवा होता.

3 फेब्रुवारी, सोमवार

नाचणी. वय 44, नवरा 2011 ला गेला, विड्या वळते. रात्री दोन-अडीचला जाग येते आणि मग मुलीचं लग्न. कुणाला सांगायचं, कुणाला नाही, सांगितलं तर काय, नाही सांगितलं तर काय. काळजीसाठी संध्याकाळची अर्धा तासाची वेळ ठरवा, असं मी शिकलेलं सांगून बघितलं. "काळजी काय विचारून येती का, मॅडम?" तो विषय तिथेच सोडला.

पण नियम तिने पाळला होता. जाग आली की उठते. कौतुक करणार इतक्यात म्हणाली, "उठून दोनशे विड्या होतात." विडीची मजुरी हजारावर. म्हणजे जाग येण्याचे तिला पैसे मिळत होते, वर डोक्यावर दिवा आणि नाकात तंबाखूची धूळ. अशी जाग जाईल कशाला?

विड्या नको म्हणणं सोपं नव्हतं. दोनशे विड्यांचे पैसे मी देणार नव्हते. शेवटी हिशेब मांडला: रात्रीच्या दोनशे होतात, पण दुपारी डुलक्या लागून किती राहतात? तिने बोटांवर मोजलं. बोलली नाही, पण मोजलं. मग हाताला कंटाळवाणं, कमी उजेडात होणारं काय, यावर आम्ही दोघी बसलो. कोऑर्डिनेटर म्हणाली, वाती. बोटांची हालचाल तीच, कापूस घरात आहे, वातींना भाव नाही आणि अंधारातही वळता येतात. नाचणीला ते पटलं. सासूला शंका येणार नाही, उलट आवडेल.

तूरचं वेगळंच. ते 2006 पासूनचे पेशंट, तेव्हाच्या गोळीत स्टॅव्हुडीन होतं. ते कधीच बंद झालं, पण तळपायाच्या नसा गेल्या त्या गेल्या. रात्री पायांची आग होते. दोन महिने मी त्यांना उठायच्या वेळा सांगत होते आणि ते बिचारे पाळत होते. आज सरांनी त्यावरचं औषध सुरू केलं. पहिल्या दिवशी "झोप का लागत नाही" ऐवजी "रात्री कुठे दुखतं" विचारलं असतं तर हे नोव्हेंबरात झालं असतं.

18 फेब्रुवारी, मंगळवार

पुन्हा मोजणी. बारातले आठ उरले. चवळी सर्वांत सोपी निघाली: गोळी सकाळी नेली, पंधरवड्यात झोप लागली, नियमांची वेळच आली नाही. मटकी 19 वरून 8. नाचणी 21 वरून 11. हुलगा 16 वरून 12, रात्रीची लाईट आहे तोवर याहून खाली येईल असं वाटत नाही. तूर 17 वरून 16, औषध नुकतंच सुरू झालंय. करडई आणि वाटाणा थोडे बरे. राजगिरा जवळपास तिथेच, टीबीचा कोर्स संपल्यावर पुन्हा बघू.

सर म्हणाले, आठ जणांवरून काही सांगू नका. नाही सांगत. पण केंद्रातल्या पेशंटच्या पांढऱ्या कार्डाच्या मागे आता पेन्सिलीने दोन रकाने आहेत: "गोळीची वेळ" आणि "झोप". फार्मासिस्ट बाटली देताना स्वतःहून विचारतो, "रात्रीच घेता का अजून?" रांग हळू चालते म्हणून लोक कुरकुरतात.

उडीदची झोपेची तपासणी अजून झालेली नाही. जवळ होते तिथे पैसे लागतात, जिथे फुकट तिथे तारीख नाही.

27 फेब्रुवारी, गुरुवार

दुसरी तुकडी सोमवारपासून, दहा जण. धान्यं संपली, आता फळभाज्या. सिस्टर पहिली भेट घेणार, मी शेजारी बसणार.

नाचणी गोळ्या न्यायला आली होती. तीन आठवड्यांपूर्वी वाती सुरू केल्यावर आठवड्यात मूठभर पुडकं आणून दिलं होतं, "मॅडम, तुमच्या देवाला." आज पर्समधून कागदाची पुडी काढली. उघडली तर आत सात-आठ वाती.

"यावेळी कमीच झाल्यात," म्हणाली, आणि जरा ओशाळली.

पुढची तारीख 27 मार्च. गोळी सकाळी सातला चालू.